किती पथेटिक आहे यार!

मागच्या महिन्यात एका रविवारी मी एक उद्योग केला. सकाळी ब्रशला पेस्ट लावल्यापासून रात्री लाइट बंद करेपर्यंत आमच्या विंगमध्ये ‘पथेटिक’ हा शब्द किती वेळा ऐकू येतो, ते वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून मोजायचं. (प्रोजेक्टचं काम टाळायला माणूस काय काय शोधून काढतो, हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको!) दुपारच्या जेवणापर्यंत १७ रेघा झाल्या. आंघोळीचं पाणी पथेटिक, वायफाय पथेटिक, पोहे पथेटिक, ओरलचं टाइमटेबल पथेटिक, आणि शेजारच्या खोलीतल्याने नुकतेच कापून आणलेले केस तर ‘एकदम पथेटिक’. संध्याकाळी ३१ व्या रेघेला मी मोजणं सोडून दिलं. कारण ती रेघ माझी स्वतःचीच होती. रेघ मारता मारता पेन चालेना आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “काय पथेटिक पेन आहे यार!”

तर मित्रांनो, हा लेख त्या शब्दाबद्दल आहे. विषय खरं तर इंग्रजीच्या मॅडमनी लिहावा असा. मेकॅनिकलच्या पोराने यात नाक का खुपसलं, त्याला कारण आपल्या मेसचे मामा.

मेसमध्ये हात धुवायच्या बेसिनशेजारी खिळ्याला दोरीने बांधलेली तक्रारवही आहे, ती सगळ्यांना माहीत आहे. कधी सावकाश चाळून बघा. ‘पथेटिक.’ ‘व्हेरी पथेटिक.’ ‘पथेटिक ॲज ऑलवेज.’ एका महाभागाने तर सलग चार दिवस नुसतं ‘डिट्टो’ लिहून सही ठोकली आहे. एका मंगळवारी रात्री मीही त्यात भर घातली. ‘डिनर वॉज पथेटिक.’ तारीख, रूम नंबर, सही. मागे वळलो तर मामा खांद्यावर फडकं टाकून उभे.

“दादा, एक विचारू का? हा एकच शब्द सगळ्यांच्या अक्षरात दिसतोय. ह्याचा अर्थ काय होतो?”

मी म्हणालो, “म्हणजे... वाईट.”

“वाईट ते कळलं हो! चांगलं लिहायला कोण कशाला वही उघडतंय? पण वाईट काय ते सांगा की. मीठ जास्ती पडलं? भाजी कच्ची राहिली? शनिवारी रेक्टर सर वही बघतात अन् मला इचारतात, सुधारणा काय केली म्हणून. मी काय सांगू त्यांना?”

आणि खरं सांगतो, मला आठवेना. जेवून पाच मिनिटंही झाली नव्हती. भाजी कुठली होती ते बघायला मी चक्क काउंटरवरच्या पातेल्यात डोकावलो. फ्लॉवर-बटाटा. मी दोनदा घेतली होती.

त्या रात्री थोडी लाज वाटली म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी वर्कशॉप कॅन्सल झालं म्हणून, मी लायब्ररीत गेलो. खालच्या मजल्यावर डिक्शनऱ्यांचं जे कपाट आहे (हो, आहे! झेरॉक्सच्या मशिनमागे) ते उघडलं. तासाभराने बाहेर आलो तेव्हा वाटलं, ह्या शब्दाची खुद्द अवस्थाच फार पथेटिक झालेली आहे. म्हणजे जुन्या अर्थाने.

शब्द मूळचा ग्रीक. ‘पाथोस’ म्हणजे जे सोसावं लागतं ते. दुःख, यातना, आणि त्यापायी मनात जे ढवळून निघतं ते. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावर ग्रंथ लिहिला, त्यात ऐकणाऱ्याला आपलं म्हणणं पटवायचे तीन मार्ग सांगितले. बोलणाऱ्याचं चारित्र्य म्हणजे ईथोस, युक्तिवाद म्हणजे लोगोस, आणि ऐकणाऱ्याच्या भावनेला हात घालणं म्हणजे पाथोस. (सबमिशनला मुदतवाढ मागताना आपण फक्त तिसरा मार्ग वापरतो.) ह्या पाथोसचं विशेषण ग्रीकमधून लॅटिनमध्ये, तिथून फ्रेंचमध्ये आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी इंग्रजीत आलं. अर्थ काय, तर मनाला भिडणारं, आतून हलवून टाकणारं. म्हणजे त्या काळी एखाद्याच्या नाटकाला तुम्ही ‘पथेटिक’ म्हणालात, तर तो तुम्हाला चहा पाजणार!

१७९९ साली बीथोव्हनची पियानोसाठीची आठवी सोनाटा छापली गेली, तिचं नाव ‘ग्रांद सोनात पातेतिक’. तोच शब्द, फ्रेंच वेशात. चायकोव्हस्कीची सहावी आणि शेवटची सिंफनीही ‘पातेतिक’ याच नावाने जगभर ओळखली जाते. रशियनमध्ये तिच्या नावाचा अर्थ उत्कट, भावनेने भरून आलेली, असा आहे. १८९३ च्या ऑक्टोबरात सेंट पीटर्सबर्गला ती पहिल्यांदा वाजली, त्याने स्वतःच वाजवून घेतली, आणि नऊ दिवसांनी तो वारला. मी एका रात्री हेडफोन लावून ती पूर्ण ऐकली. पाश्चात्त्य संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. पण सिंफनी म्हणजे शेवटी सगळी वाद्यं मिळून दणका उडवणार एवढी माझी समजूत होती. ही मात्र हळू होत होत, जणू कुणीतरी खोलीतला एकेक दिवा मालवत बाहेर पडावं तशी विझत जाते. रूमपार्टनर झोपला होता म्हणून बरं. डोळे पुसताना बघितलं असतं तर सकाळी विंगभर झालं असतं... काय झालं असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. ३२ वी रेघ.

आणखी एक गंमत. आपल्या मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी चौथी नस डोळ्याच्या एका स्नायूला जाते, तो डोळा खाली वळवायच्या कामी येतो. जुन्या शरीरशास्त्रात तिला ‘पथेटिक नर्व्ह’ म्हणत. दुःखी माणूस नजर खाली टाकतो ना, म्हणून. रस्किन नावाच्या इंग्रज समीक्षकाने १८५६ मध्ये ‘पथेटिक फॅलसी’ असा शब्दप्रयोग केला. कवी लोक ढगाला रडवतात, वाऱ्याला उसासे टाकायला लावतात, त्याबद्दल. आज तो वाचून वाटतं, रस्किन म्हणतोय ‘काय भिकार तर्क आहे!’ त्याला म्हणायचं होतं, भावनेच्या भरात घडलेली चूक. आणि नातेवाईक बघा ह्या शब्दाचे! सिंपथी, एम्पथी, अपथी, होमिओपॅथी. डेंग्यूच्या सीझनला आपली निम्मी विंग जिथे रक्त द्यायला रांग लावते ती पॅथॉलॉजी लॅब, तीसुद्धा त्याच घरातली.

मग एवढ्या खानदानी शब्दाचं असं का झालं? उतरण सरळ आहे. आधी अर्थ होता ‘ज्याने मन हेलावतं तो’. मग ‘ज्याची दया येते तो’. मग ‘ज्याची कीव येते तो’. आणि विसाव्या शतकात एक पायरी आणखी खाली, ‘इतका टाकाऊ की त्याला हसायलाच हवं’.

बाकीच्या शब्दांनाही असं सोसावं लागलंय, नाही असं नाही. ‘टेरिबल’ म्हणजे मुळात ज्याचा धाक वाटावा तो. इव्हान द टेरिबल हा रशियाचा झार ‘वाईट इव्हान’ नव्हे, दरारा असलेला इव्हान. ‘ऑफुल’मधला ‘ऑ’ म्हणजे देवापुढे वाटावी तशी भीतियुक्त आदराची भावना. ‘हॉरिबल’च्या मुळाशी अंगावरचे केस उभे राहणं आहे, आणि आपल्या ‘रोमांच’च्याही मुळाशी नेमकं तेच! एकाच काट्यातून इंग्रजाने घाण निवडली आणि आपण प्रेमकथा. असो.

पण भीतीच्या शब्दांचं काही वाटत नाही मला. दरारा उतरला तर उतरला. दयेच्या शब्दांचं मात्र वाटतं. आणि आपण मराठीत काही वेगळं केलेलं नाही, बरं का. ‘दयनीय’ म्हणजे दया करण्याजोगा. आता पेपरात वाचा, ‘रस्त्याची दयनीय अवस्था’. त्या रस्त्यावर दया कोण करतंय? ‘केविलवाणा’ हा किती हळवा शब्द! आईचा हात सुटलेल्या पोराच्या चेहऱ्याला शोभणारा. आता ‘विरोधकांचा केविलवाणा प्रयत्न’ एवढ्याचपुरता उरलाय. ज्या भाषांच्या परंपरेत करुण हा नाट्यशास्त्रातल्या आठ रसांपैकी एक मानला, आणि भवभूतीने तर ‘उत्तररामचरित’ नाटकात करुण हाच मूळ रस आणि बाकीचे त्याचीच रूपं असं सांगून टाकलं, तिथेही हेच.

अजून खणत गेलो तर हात जास्तच काळे होतात. पिक्चर ‘भिकार’ आहे असं आपण सहज म्हणतो. शब्द भिकेवरून आलाय. कपडे ‘गावंढळ’. शब्द गावावरून आलाय. इंग्रजीतला ‘रेचेड’ म्हणजे मुळात देशोधडीला लागलेला माणूस. ‘लाउझी’ म्हणजे उवा झालेला. ‘व्हिलन’ तर लॅटिनमधला शेतवाडीवर राबणारा गावकरी, बिचारा हळूहळू खलनायक झाला. (आणि ‘बिचारा’ फारसीतून आलाय, ज्याच्यापाशी इलाज नाही तो. त्यालासुद्धा आपण आता चिडवायला वापरतो.) म्हणजे ज्याच्यावर वेळ आली, त्याचं नाव घ्यायचं आणि त्याची शिवी करायची. सगळ्यांनी हाच धंदा केलाय.

इथवर लेख लिहून झाला होता आणि मी खूश होतो. रूमपार्टनरला वाचून दाखवला. तो ऐकत होता, मध्ये हसतही होता. संपल्यावर म्हणाला, “डिक्शनरीत तो अर्थ मी तुझ्याआधी बघितलाय.”

मग त्याने सांगितलं ते लिहिण्याची परवानगी त्याच्याकडून घेतली आहे, नाव न छापण्याच्या अटीवर.

तो बारावीपर्यंत मराठी माध्यमातला. गणित-सायन्सची पुस्तकं अकरावीपासून इंग्रजीत आली, बोलायची वेळ मात्र इथे येईपर्यंत कधी आली नाही. सेकंड इयरला एका ओरलला एक्स्टर्नलनी त्याला विचारलं, फ्लायव्हीलची रिम जड का ठेवतात? उत्तर त्याला येत होतं. मला तेव्हा येत नव्हतं, त्यानेच मला आदल्या रात्री कॉटवर बसून, गोफणीचं उदाहरण देऊन समजावलं होतं. पण इंग्रजीत वाक्याची सुरुवात कुठून करायची तेच सापडेना. ‘सर, बिकॉज रिम... सर, मास...’ करत तो अडला. एक्स्टर्नल बाजूच्या सरांकडे बघून म्हणाले, “पथेटिक,” आणि पुढचा रोल नंबर पुकारला.

तोवर त्याने हा शब्द आपल्या विंगमध्ये शंभरदा ऐकला होता. पण पोह्यांबद्दल. रात्री त्याने घरून आणलेली, शाळेच्या बक्षिसात मिळालेली जुनी डिक्शनरी उघडली. तिच्यात पहिला अर्थ दिला होता: करुण, हृदयद्रावक. “मला वाटलं, माझं उत्तर ऐकून सरांचं हृदय द्रवलं!” असं तो सांगत होता आणि आम्ही दोघं कॉटवर लोळून हसलो. हसू ओसरल्यावर म्हणाला, “पण नेमकं काय पथेटिक, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. उत्तर? इंग्रजी? का मीच? उत्तर म्हणाले असते तर पुन्हा वाचलं असतं. इंग्रजी म्हणाले असते तर क्लास लावला असता.” त्याने दोन्हीतलं काहीच केलं नाही. पुढचं अख्खं सेमिस्टर त्याने लेक्चरमध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मी त्याच्या शेजारच्या बाकावर बसतो. माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं.

“आणि सरांचं सोड,” तो म्हणाला, “माझ्या सेमिनारला तूसुद्धा म्हणाला होतास.”

“मी? काय म्हणालो? कशाला म्हणालो?”

“ते तुला माहीत.”

मला आठवत नाही. मंगळवारच्या भाजीसारखंच. स्लाइड्सचे रंग असतील, उच्चार असतील, त्याचा तो चौकड्यांचा शर्ट असेल. काहीही असेल. किंवा काहीच नसेल, जीभ वळवळली असेल. मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, “जाऊ दे रे.” ह्या ‘जाऊ दे’चाही अर्थ डिक्शनरीत मिळत नाही.

आता लेख वाचून कोणीतरी हुशार म्हणेलच (आमच्या विंगमध्ये म्हणून झालंय), “शब्दाचा अर्थ लोक वापरतात तो. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक काय म्हणायचे त्याच्याशी काय घेणं? ‘नाइस’चा मूळ अर्थ अडाणी होता, मग आता काय नाइस म्हटल्यावर मारामारी करायची?” एकदम मान्य. ‘नाइस’चं खरं आहे, मीही तपासलं. जुना अर्थ पुन्हा आणा अशी मोहीम मी काढत नाहीये. पथेटिकचा आजचा अर्थ वाईट असाच आहे आणि तसाच राहणार.

माझी तक्रार वेगळी आहे आणि ती इंजिनिअरिंगची आहे. ह्या शब्दात रीडिंग नाही. मेट्रॉलॉजीच्या लॅबमध्ये आपण गो आणि नो-गो गेज वापरतो. भोकात गो गेज गेला आणि नो-गो नाही गेला की पास, नाहीतर रिजेक्ट. तो मापही सांगत नाही, कारणही सांगत नाही. पण निदान तो एका ठरावीक मापासाठी बनवलेला असतो! आपण मात्र एकच गो गेज घेऊन हिंडतोय. तोच पोह्यांत घालतो, तोच वायफायमध्ये, तोच पोराच्या इंग्रजीत. आणि कुठेच आत गेला नाही की म्हणतो, जॉब खराब. व्हर्निअर लावायचे कष्ट नकोत. मला तर वाटतं शब्द लोकप्रिय आहे तो यामुळेच. तो म्हटला की आपल्याला पुढे काही करावं लागत नाही. ‘वरण पातळ आहे’ असं म्हटलं तर मामा म्हणणार, किती पातळ? उद्या चाखून बघता का? मग उद्या वेळेवर जेवायला जावं लागणार. ‘पथेटिक’ला उलटा प्रश्न येत नाही, आणि म्हटल्यावर आपण आपोआप वरच्या पायरीवर जाऊन उभे राहतो, ते फुकट.

सर लोकांनो, रागावू नका. हे तुम्हालाही आहे. जर्नलवर लाल पेनाने हा शब्द लिहिलेला मी पाहिलाय. ज्याचं जर्नल होतं त्याने काय केलं माहितीये? दुसऱ्याचं काचेवर ठेवून जीटी मारलं. कारण काय दुरुस्त करायचं तेच लिहिलं नव्हतं, तर सगळंच बदलणं त्याला सोपं पडलं. ‘ग्राफला स्केल नाही’ एवढे तीन शब्द लिहिले असते तर ग्राफला स्केल आलं असतं.

वहीचं पुढे काय झालं ते सांगतो. आम्ही चार-पाच जणांनी ठरवलं, महिनाभर वहीत तो शब्द लिहायचा नाही, आणि लिहायचं ते मराठीत, मामांना वाचता येईल असं. ‘वरण पातळ.’ ‘रात्री ९ नंतर भात गार.’ ‘पोळ्या एका बाजूला कच्च्या.’ ही पोळ्यांची तक्रार आठवड्यात तीनदा आली, आणि तिन्ही वेळा ‘एका बाजूला’ असंच लिहिलेलं. मामांनी ते मावशींना वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, “तवाच एका अंगाने तापत नाही, मी कवापासून सांगतेय!” एका रविवारी आम्ही बर्नर उघडला तर अर्ध्या बाजूची भोकं पिठाने आणि काजळीने बुजलेली. बारीक तारेने साफ केली, अर्धा तास लागला. पोळ्या आता बऱ्या येतात. वरण पातळच आहे. ते माणशी किती रुपये मिळतात त्यावर ठरतं आणि त्याला तार चालत नाही, असं मामांचं म्हणणं. पण निदान भांडण कुणाशी करायचं ते आता कळलंय, आणि त्या भांडणाचा अर्ज सेक्रेटरीकडे गेलाय.

लेख द्यायच्या आदल्या रात्री रूमपार्टनरने तो पुन्हा एकदा वाचला. शुद्धलेखनाच्या ११ चुका काढल्या, त्यातल्या चार ऱ्हस्व-दीर्घाच्या. मग म्हणाला, “फ्लायव्हीलचं तू चुकीचं लिहिलंयस.” मी लिहिलं होतं, रिम जड ठेवतात म्हणजे चाकाचं वजन वाढतं.

“वजन वाढवायचं नसतं रे. आहे तेच वजन अक्षापासून लांब न्यायचं असतं. जडत्व त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, म्हणून मधे आरे ठेवतात आणि माल सगळा काठावर. गोफण सांगितली होती ना तुला?”

ते वाक्य वरून काढून टाकलंय.